दोन दांडी आणि मूळ कागद

बोईसर स्टेशनच्या बाहेर रिक्षावाल्याला 'दांडी' म्हटले, तर तो आपल्याला किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या गावाकडे नेतो. मोबाईलवर हेच नाव लिहिले, तर समोर येतो गुजरातेतील नवसारीजवळचा किनारा, मीठ उचलायला वाकलेले गांधीजी आणि १९३० हे साल. पालघर जिल्ह्यातील दांडी, नवापूर, उच्छेळी या भागातील मुलांना हा गोंधळ चांगला ठाऊक आहे. शाळेच्या पुस्तकात 'दांडी यात्रा' आली की लहान वर्गातील एखादे पोर अभिमानाने सांगतेच, 'हे आमचे गाव!' मग गुरुजी समजावतात, बाळा, ती दांडी वेगळी.

याच परिसरात राहणाऱ्या एका वाचक भगिनीने आम्हांला पत्र लिहिले आहे. त्यांचा मुलगा सातवीत शिकतो. मिठाच्या सत्याग्रहाचा धडा चालू असताना वर्गातील एका मुलाने त्याला विचारले, 'सगळे मिठासाठी चालत होते तेव्हा तुमचे लोक कुठे होते?' विचारणाऱ्याच्या मनात काय होते, देव जाणे. कदाचित काहीच नसेल. पण आपला मुलगा गप्प बसला आणि घरी येऊन आईला तोच प्रश्न विचारू लागला. आईने नात्यातल्यांच्या व्हॉट्सॲप गटात विचारणा केली. तासाभरात दोन संदेश आले. एकात म्हटले होते की मुसलमान या लढ्यापासून दूरच होते. दुसऱ्यात म्हटले होते की मुसलमानांशिवाय हा लढा उभाच राहिला नसता. दोन्ही संदेश ठणकावून लिहिलेले, दोन्हींखाली 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा' ही सूचना, आणि दोन्हींत कुठल्याही कागदाचा पत्ता नाही. भगिनींचा प्रश्न साधा आहे: 'खरे काय ते कुठे पाहायचे? आणि ते पाहायला मला कोणी आत सोडेल का?'

या महिन्याचे हे पान त्या प्रश्नासाठी.

दार उघडे आहे

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण ते आनंदाचे आहे. होय, कोणीही आत जाऊ शकते. पूर्वी एखाद्या मोठ्या नेत्याचे पत्र डोळ्यांनी पाहायचे तर दिल्ली किंवा अहमदाबाद गाठावे लागे, ओळखपत्र आणि शिफारसपत्र दाखवावे लागे. बोईसरच्या कारखान्यात पाळी करणाऱ्याला किंवा घरात चार मुले सांभाळणाऱ्या आईला ते कुठून जमणार? आता तसे राहिलेले नाही. साबरमती आश्रमाच्या स्मारक न्यासाने केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या साहाय्याने उभारलेले 'गांधी हेरिटेज पोर्टल' हे संकेतस्थळ २०१३ पासून सर्वांना खुले आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

तिथे काय आहे? गांधीजींनी लिहिलेले आणि बोललेले जे जे हाती लागले ते तारखेच्या क्रमाने लावून भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने छापले. इंग्रजीत त्याचे १०० खंड झाले. पहिला १९५८ मध्ये निघाला आणि शेवटचा १९९४ मध्ये, म्हणजे एका पिढीहून अधिक काळ हे काम चालले. त्यातली बरीच वर्षे के. स्वामीनाथन हे मुख्य संपादक होते. हिंदीत ९७ खंड आहेत आणि गुजरातीत 'अक्षरदेह' या नावाने ८२. हे सगळे पानोपान या संकेतस्थळावर आहे. सोबत 'यंग इंडिया', 'नवजीवन', 'हरिजन' आणि दक्षिण आफ्रिकेतील 'इंडियन ओपिनियन' या पत्रांचे जुने अंक आहेत. 'हिंद स्वराज'चे मूळ गुजराती हस्तलिखितही पाहता येते. १९०९ मध्ये लंडनहून आफ्रिकेला परतताना जहाजावर ते लिहिले गेले. पाने २७५, आणि त्यांपैकी ४० डाव्या हाताने लिहिलेली, कारण उजवा हात दमला होता. हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि ते अक्षर पाहणे वेगळे. मुलांना ही पाने जरूर दाखवा.

आपल्या घरांत उर्दू वाचणारी दादी असते, हिंदी सराईतपणे वाचणारे अब्बा असतात, इंग्रजी शाळेत जाणारी मुलगी असते. तिघे मिळून बसले तर या दप्तरातील फारच थोडे दरवाजे बंद राहतील.

मिठाचे कागद

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. सत्याग्रहाचे कागद तारखेप्रमाणे उघडत गेलो तर काय दिसते?

२ मार्च १९३०. गांधीजींचे व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र. ते टपालाने गेले नाही. रेजिनाल्ड रेनॉल्ड्स नावाच्या एका इंग्रज तरुणाच्या हाती ते मुद्दाम पाठवले गेले, कारण भांडण इंग्रज माणसाशी नाही, राज्यपद्धतीशी आहे, हे दाखवायचे होते. पत्रात हिशेब मांडला आहे. व्हाइसरॉयचा पगार महिन्याला २१,००० रुपये आणि सामान्य हिंदी माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहूनही कमी. मिठावरचा कर गरिबाला सर्वांत जाचक, असे ते म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर जिथे मासे खारवून ठेवल्याशिवाय पावसाळा निघत नसे, तिथे या वाक्याचा अर्थ कोणाला समजावून सांगायला नको.

१२ मार्च. साबरमतीहून ७८ सत्याग्रहींसह प्रस्थान. ५ एप्रिलला दांडी, ६ एप्रिलला मीठ. अंतर २४१ मैल.

पुढचा कागद अटकेचा. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर दांडीजवळच्या कराडी गावातील झोपडीतून त्यांना उचलले गेले. आधार कोणता? मुंबई इलाख्याचे १८२७ सालचे पंचविसावे रेग्युलेशन. या जुन्या नियमाखाली खटला न चालवता माणसाला डांबून ठेवता येत असे. त्यांना रेल्वेत बसवले, पहाटे बोरिवलीला उतरवले आणि तिथून मोटारीने येरवड्याला नेले. वाचकहो, नवसारीकडून बोरिवलीला येणारी गाडी कुठून जाते? डहाणू, वाणगाव, बोईसर, पालघर. म्हणजे गुजरातेतील दांडीचा कैदी त्या रात्री आपल्या दांडीपासून थोड्याच कोसांवरून गेला, आणि इकडचे किनारे झोपेत होते. पाठ्यपुस्तकात ही ओळ नाही. पण दोन कागद आणि एक नकाशा शेजारी ठेवले की सातवीतला मुलगाही ती शोधून काढू शकतो.

गांधीजींना अटक झाल्यावर नेतृत्व कोणाकडे द्यायचे हे आधीच ठरलेले होते. नाव अब्बास तय्यबजी. जन्म १८५४ चा, बडोदा संस्थानच्या उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, वय पंचाहत्तरीच्या पुढे. जालियनवाला बागेनंतर पंजाबातील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या काँग्रेसच्या समितीतही ते होते. धारासण्याच्या मिठागाराकडे निघाल्यावर १२ मे रोजी त्यांनाही अटक झाली. त्यांच्यानंतर सूत्रे सरोजिनी नायडूंकडे गेली.

२१ मे. धारासणा. त्या दिवशी पुढे असणाऱ्यांत सरोजिनीबाई, गांधीजींचे पुत्र मणिलाल, चिटणीस प्यारेलाल आणि इमाम साहेब होते. हात न उगारता पुढे सरकणाऱ्या रांगा आणि त्यांच्या डोक्यांवर पडणाऱ्या लाठ्या यांचे वर्णन वेब मिलर या अमेरिकी बातमीदाराने जगभर पाठवले. त्याने स्वतः जाऊन ३२० जखमी मोजले. दोघांचा मृत्यू झाला होता.

हे इमाम साहेब कोण? अब्दुल कादिर बावझीर. आमच्या वाचकांपैकी कोकणी घरांनी हे नाव लक्षात ठेवावे. त्यांच्या मृत्यूनंतर १९३२ मध्ये गांधीजींनी येरवडा तुरुंगातून आश्रमासाठी त्यांच्या आठवणी लिहून पाठवल्या. त्या खंडांमध्ये आहेत. त्यांत ते सांगतात की इमाम साहेबांचे वडील मुंबईच्या जुम्मा मशिदीत मुअज्जिन होते. पूर्वज अरब, कोकणात स्थायिक झालेले, म्हणून इमाम साहेबांना कोकणीही येत असे. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला ते इमामत करत, तिथल्या हमीदिया इस्लामिक सोसायटीचे अध्यक्ष होते आणि १९०८ मध्ये परवान्याशिवाय फेरी करून त्यांनी तुरुंग पत्करला. पुढे कुटुंबासह साबरमतीला राहिले. तिथले त्यांचे घर 'इमाम मंझिल' आजही उभे आहे. १९२० मध्ये त्यांची मुलगी फातिमा हिचा निकाह झाला, तेव्हा निमंत्रण गांधीजींनी आपल्या नावाने पाठवले.

वर्गातल्या प्रश्नाचे एक उत्तर इथे मिळते. आणि ते कोणाच्या संदेशात नाही, तारखेसह कागदावर आहे.

त्या वर्षाचे आणखी कागद पाहिले तर नावे वाढतात. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात खान अब्दुल गफ्फार खान यांच्या खुदाई खिदमतगारांवर गोळीबार झाला. आपल्या सोलापुरात मे महिन्यात लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना फाशी दिली गेली: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. चार नावे एकापाठोपाठ वाचली की सोलापूरची सगळी पेठ डोळ्यांपुढे येते.

न आवडणारे कागदही

पण इथेच थांबलो तर आमच्यात आणि तो दुसरा संदेश पाठवणाऱ्यात फरक काय राहिला?

त्याच वर्षाचे कागद हेही सांगतात की खिलाफतीच्या काळात गांधीजींच्या खांद्याला खांदा लावून फिरलेले अली बंधू १९३० च्या सत्याग्रहापासून दूर राहिले आणि मुसलमानांनीही दूर राहावे असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांनी सत्याग्रह सुरू होण्यापूर्वी गांधीजींना पत्र लिहून शंका मांडली. हिंदू-मुसलमानांचा समझोता आधी व्हायला हवा, लोकांची तयारी झालेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींनी ते मानले नाही. तरीही पुढे चळवळीत अन्सारी तुरुंगात गेले. म्हणजे दूर राहिलेले होते, शंका घेणारे होते, शंका घेऊनही सामील झालेले होते आणि पहिल्या रांगेत लाठी खाणारेही होते. पहिला संदेश अर्धे झाकतो, दुसरा उरलेले अर्धे.

गांधीजींविषयीही तसेच. दक्षिण आफ्रिकेतील त्यांच्या सुरुवातीच्या लेखनात तिथल्या काळ्या लोकांविषयी असे उल्लेख आहेत की आज वाचताना मान खाली जाते. ते खंडांतून काढून टाकलेले नाहीत. डॉ. आंबेडकरांशी त्यांचे झालेले वाद आहेत. बाबासाहेबांची बाजू पाहायची तर महाराष्ट्र सरकारने १९७९ पासून छापलेले त्यांच्या लेखन-भाषणांचे खंडही आज संकेतस्थळांवर वाचता येतात. एका नेत्याचे कागद वाचताना त्याला विरोध करणाऱ्याचेही वाचावेत, म्हणजे नेता पुतळा राहत नाही, माणूस होतो.

माणूस होतो म्हणजे कसा? अब्बास तय्यबजींना लिहिलेली पत्रे उघडा. राष्ट्रपिता त्या वृद्ध न्यायाधीशाला 'भर्र्र' अशी हाक मारून पत्र सुरू करतात! तो दोघांतला थट्टेचा सलाम होता. अब्बासमियांची मुलगी रेहाना. तिच्याकडून गांधीजी साठी उलटल्यावर पत्रांतून उर्दू शिकत होते आणि तिला उर्दूत ओळी लिहून पाठवत होते. तुरुंगात बसलेला माणूस आपल्या मित्राच्या मुलीचा शागीर्द झाला. आपल्या घरांत उर्दूचे पुस्तक उघडायला कंटाळणाऱ्या मुलांना हे पत्र दाखवायला हरकत नाही.

कागद वाचायचा कसा

हदीसच्या अभ्यासात सनदीला केवढे महत्त्व आहे, हे आपल्या घरांत वेगळे सांगायला नको. अमक्याने तमक्याकडून ऐकले, ही साखळी अखंड आहे का, सांगणारा विश्वासू आहे का, हे आधी पाहतात आणि मग मजकूर. तीच सवय मोबाईलवर आलेल्या संदेशाला का लावू नये? आम्ही घरी पाळता येतील असे चार प्रश्न सुचवतो. कोणी लिहिले? कोणाला लिहिले? केव्हा लिहिले? मूळ कोणत्या भाषेत लिहिले?

शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त विसरला जातो. गांधीजींचे पुष्कळ लेखन मूळ गुजराती आहे. इंग्रजी खंडात ते भाषांतर म्हणून आलेले असते आणि तळटीपेत तसे नोंदवलेले असते. एखाद्या शब्दावरून वाद पेटला तर आधी तळटीप पाहा आणि मग गुजराती किंवा हिंदी खंड उघडा. वलसाड-उंबरगावकडचे नाते असलेली गुजराती वाचणारी माणसे आपल्या भागात कमी नाहीत. त्यांची मदत घ्या.

'डोळ्याच्या बदल्यात डोळा' घेत गेलो तर जग आंधळे होईल, हे वाक्य गांधीजींच्या नावावर भिंतीभिंतींवर रंगवलेले आहे. 'आधी ते तुमच्याकडे दुर्लक्ष करतात, मग हसतात' असे सुरू होणारे दुसरे वाक्यही तसेच. शंभर खंड धुंडाळूनही ही वाक्ये या रूपात सापडत नाहीत. विचार चांगला आहे म्हणून तो त्यांच्या नावावर खपतो. आज चांगले वाक्य खोट्या नावावर खपले, तर उद्या वाईट वाक्यही खपते, आणि ते कोणाच्या तरी दारापर्यंत दगड घेऊन येते. म्हणून चांगल्या वाक्यालाही सनद विचारली पाहिजे.

संकेतस्थळावर आहे म्हणून ते बिनचूक, असेही समजू नये. याच खंडांची एक सुधारित आवृत्ती विसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली. त्यासोबत संगणकाची तबकडीही आली. अभ्यासकांनी ती जुन्या खंडांशी ताडून पाहिली तेव्हा काही नोंदी गळल्याचे आणि क्रम बदलल्याचे लक्षात आले. त्यांनी आवाज उठवला आणि अखेर सरकारला ती आवृत्ती मागे घ्यावी लागली. मग मूळ आवृत्तीवरून नव्याने तयार केलेली संगणकीय आवृत्ती २०१५ मध्ये आली. कोणीतरी दोन प्रती शेजारी ठेवून ओळीवर ओळ ताडली म्हणून ही चूक पकडली गेली. शाळेतील मुलांना यातून शिकण्यासारखे खूप आहे.

सरकारी बाजूचे कागद पाहायचे असतील तर भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' आहे. तिथे नाव नोंदवून इंग्रज सरकारच्या गृह खात्याच्या फायली पाहता येतात. सत्याग्रहींच्या मिरवणुकीला पोलीस 'जमाव' म्हणतात, उपोषणाला 'उपद्रव' म्हणतात. एकाच दिवसाचा पोलिसांचा अहवाल, बातमीदाराची तार आणि सत्याग्रहीचे पत्र शेजारी ठेवले की घटना तिन्ही बाजूंनी दिसते.

आपल्या भागाचे शोधताना एक खूण लक्षात ठेवा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्यापूर्वीचे सगळे कागद ठाणे जिल्ह्याच्या नावाखाली आहेत आणि इंग्रजांच्या काळातले तालुक्याचे नाव पालघर नसून माहीम आहे, म्हणजे आपले केळवे-माहीम. 'पालघर' लिहून काही सापडले नाही म्हणून निराश होऊ नका. 'ठाणा', 'माहीम', 'डहाणू' ही नावे इंग्रजी अक्षरांत वेगवेगळ्या रीतीने लिहून पाहा. बावझीर हे नावही दोन-तीन प्रकारे लिहिलेले आढळते.

जे दप्तरात नाही

आता ज्या दांडीपासून सुरुवात केली तिच्याकडे वळू. एवढ्या कागदांत आपल्या दांडीचे काय आहे? ज्याने लिहिले आणि ज्याचे जपले गेले, त्याचेच दप्तर होते. मासे सुकवणाऱ्या बाईने व्हाइसरॉयला पत्र लिहिले नाही. मिठागरावर राबणाऱ्याने रोजनिशी ठेवली नाही. म्हणून कागद नाही, म्हणजे माणूस नव्हता, असे होत नाही.

१४ ऑगस्ट १९४२ घ्या. 'चले जाव'च्या त्या दिवसांत आसपासच्या गावांतून लोक पालघरच्या कचेरीवर मोर्चा घेऊन गेले आणि गोळीबारात पाच जण गेले. ते सातपाटी, नांदगाव, मुरबे, सालवड आणि पालघर या गावांचे होते. दरवर्षी त्या दिवशी पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी आदरांजली वाहिली जाते. नांदगाव आणि सालवड आपल्या दांडीपासून दूर नाहीत. त्या मोर्चात आणखी कोण चालले, कोणी पाणी दिले, कोणी जखमींना घरात घेतले, कोणत्या मोहल्ल्यातील कोण त्यात होते, हे सांगू शकणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे. त्यांच्या मुलांनी ऐकलेले मात्र अजून शिल्लक आहे.

आणि कागदही शिल्लक असतील. चिंचणी-तारापूरच्या जुन्या घरांत, बोईसरच्या चाळीत आणलेल्या लोखंडी पेटीत, माळ्यावरच्या पिशवीत. आजोबांचे उर्दू पत्र, मोडीतला एखादा व्यवहार, जहाजावरच्या नोकरीचा दाखला, शाळेचे प्रमाणपत्र, मशिदीच्या वर्गणीची वही, जुना फोटो. घर बदलताना रद्दीवाल्याकडे पहिल्यांदा हेच जाते. वाळवी आणि किनाऱ्यावरची दमट हवा उरलेले संपवतात.

म्हणून काही गोष्टी अवश्य करा. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन करून घेऊ नका. दोन्हींनी कागद कायमचा बिघडतो. दुमडलेला कागद हलक्या हाताने उघडा आणि दिवसाच्या उजेडात, सावलीत, सरळ वरून त्याचा फोटो घ्या. पाठपोट दोन्ही बाजू घ्या, कारण पाठीमागेच तारीख असते. फोटोतील माणसांची नावे वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. उर्दू किंवा मोडी घरात कोणाला येत नसेल तर वाचणाऱ्याला बोलवा आणि तो वाचत असताना मोबाईलवर आवाज नोंदवून घ्या. दादी-नानी काही सांगू लागली की तिला मध्येच 'साल सांग' म्हणून अडवू नका. आधी सांगू द्या, साल नंतर जुळवता येते. मूळ कागद सहजासहजी कोणाच्या हाती देऊ नका, प्रत द्या. हा कागद आपला नाही, येणाऱ्यांची अमानत आहे, एवढे घरातल्या सर्वांना सांगून ठेवा.

राहता राहिला त्या सातवीतल्या मुलाचा प्रश्न. भगिनींना आम्ही असे सुचवतो. मुलाला पाठ केलेले उत्तर देऊन शाळेत पाठवू नका. आपण इथले आहोत, हे सिद्ध करण्यासाठी त्याने अब्बास तय्यबजींचे नाव ढालीसारखे धरायचे नाही. इथले असण्यासाठी कोणालाही आजोबांच्या तुरुंगवासाचा दाखला लागत नाही. त्याला रविवारी सोबत घेऊन बसा. २१ मे १९३० च्या आसपासची पाने काढा. इमाम साहेबांच्या आठवणी हिंदीत वाचा. अन्सारींची शंकाही वाचा. मग ज्या मुलाने प्रश्न विचारला, त्यालाही घरी बोलवा आणि दोघांना मिळून पालघरचे १४ ऑगस्टचे शोधू द्या. त्या मुलाच्या घरीही एखादी पेटी असेलच. दोघांना जे सापडेल ते त्यांनी वहीत तारखेसह उतरवावे. त्या वहीतील काही पाने आम्हांला पाठवली, तर या सदरात त्यांना आनंदाने जागा देऊ.